चढावरचे तेल

अमेरिकेत ॲरिझोना आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवरून कोलोरॅडो नदी वाहते. तिच्यावर डेव्हिस नावाचे धरण आहे. ते १९५१ साली पुरे झाले. धरणाजवळून एक रस्ता पूर्वेकडचा डोंगर चढून किंगमन गावाच्या दिशेने जातो. ॲरिझोनाचा राज्यमार्ग क्रमांक ६८. यातील ११.४ मैलांचा, म्हणजे सुमारे १८ किलोमीटरचा टप्पा सलग चढाचा आहे. सरासरी चढ शंभराला पाच, आणि एवढ्या अंतरात रस्ता जवळजवळ ३००० फूट वर जातो. आमच्या आंबोलीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६९० मीटर, म्हणजे साधारण सव्वादोन हजार फूट. पण आंबोलीला धुके आहे, धबधबे आहेत, माकडे आहेत. इथे झाड नाही, सावली नाही, आणि उन्हाळ्यात सावलीतले तापमान ४५ अंशांवर जाते.

हा रस्ता कोणत्याही क्रमिक पुस्तकात येणार नाही. येथे लढाई झाली नाही, तह झाला नाही. परंतु मोटारीमागे घर बांधून डोंगर चढणाऱ्या माणसांचा सुमारे शंभर वर्षांचा एक इतिहास आहे, आणि तो सांगताना या चढापाशी यावेच लागते.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने गिअरबॉक्सच्या वाटेला का जावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण माझा भाचा. तो फिनिक्सजवळ राहतो. त्याच्याकडे पिकअप आहे. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ती गाडी. तिच्यामागे तो ट्रॅव्हल ट्रेलर जोडतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. त्यात झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सर्व काही; फक्त इंजिन नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बायको-मुलांना घेऊन तो फ्लॅगस्टाफकडे निघाला. फिनिक्स अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर. अर्ध्या वाटेत इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढेना. जळका वास आला. गाडी कडेला घेतली, ती तिथेच राहिली. नंतर मेकॅनिकने गिअरबॉक्समधले तेल पांढऱ्या कागदावर टिपून दाखवले. लालभडक असायला हवे ते तेल दोन दिवस उकळलेल्या चहासारखे काळे झाले होते. गिअरबॉक्स बदलावा लागला आणि मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला.

फोनवर तो मला म्हणाला, "मामा, पैशाचं जाऊ दे. गाडी माझ्या हातात होती, आणि मला काहीच कळलं नाही. वास येईपर्यंत काहीच नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आमच्या चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात जुन्या ट्रकवर आयुष्य काढलेला ड्रायव्हर असे म्हणाला नसता. गाडी दमली की त्याला तळव्यातून कळते, गिअरच्या दांड्यातून कळते. मग भाच्याच्या हातातून ते कळणे कधी गेले आणि कोठे गेले? हा प्रश्न इतिहासाचाच आहे, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

प्रारंभी सगळे ड्रायव्हरच्या हातातच होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात गिअर बदलणे ही कसरत होती. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. अंदाज चुकला की दातांचा खडखडाट साऱ्या गल्लीला ऐकू जाई. या त्रासातून पहिली सुटका केली अर्ल थॉम्सन या अमेरिकन अभियंत्याने. त्याने शोधलेली सिंक्रोमेशची योजना १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आली आणि दात आपसूक जुळू लागले. याच थॉम्सनचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

याच सुमारास मोटारीमागे घर ओढण्याचे वेडही वाढत होते. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे अशा भटक्यांनी आपली एक संघटना काढली. तिचे नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे पत्र्याच्या डब्यांतले अन्न खाणारे प्रवासी. डेट्रॉइटमध्ये आर्थर शेरमन या जीवाणुशास्त्रज्ञाने घरच्या सहलीसाठी एक ट्रेलर बनवला. तो लोकांना इतका आवडला की १९३० च्या सुमारास त्याने त्याचा कारखानाच काढला. १९३६ साली वॉली बायम याने विमानासारखा ॲल्युमिनियमचा चकचकीत 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला. मंदीचा काळ, घरे गेलेली माणसे ट्रेलरमध्ये राहत आणि घरे असलेली माणसे ट्रेलरमधून हिंडत. त्या मोटारी आजच्या मानाने दुबळ्या होत्या. चढावर त्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जात, रेडिएटर उकळे, मंडळी उतरून दगडावर बसत. पण मला वाटते, गाडी उकळली तरी ती काय सहन करते आहे हे माणसाला दिसत होते. वाफ लपत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९०५ साली जर्मनीत हर्मान फ्योटिंगर या अभियंत्याने एका युक्तीचे पेटंट घेतले. तो श्टेटिन येथील व्हल्कन जहाज-कारखान्यात कामाला होता. (हे श्टेटिन १९४५ नंतर पोलंडमध्ये गेले आणि श्चेचिन झाले. सीमा सरकली की गावाला नवे नाव येते, हे आम्हा सीमाभागातल्यांना कोणी समजावून सांगायला नको.) त्याच्यापुढची अडचण अशी होती, की वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. त्याने दोहोंच्या मध्ये दाते न घालता द्रव घातला. वर्गात मी हे दोन टेबलपंख्यांनी समजावतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दोघांत कोठेही स्पर्श नाही. वाऱ्याच्या जागी तेल आणि पंख्यांच्या जागी पात्यांच्या दोन वाट्या एका बंद डब्यात घाला, की झाले फ्लुइड कपलिंग. त्या दोहोंत आणखी एक पात्यांचे चाक बसवून परतणाऱ्या तेलाला वळण दिले, की नुसती गती पुढे जात नाही, तर ओढण्याचा जोरही वाढतो. त्याला म्हणतात टॉर्क कन्व्हर्टर.

यात मेख एकच आहे. दुसरा पंखा पहिल्याच्या वेगाने कधीच फिरत नाही, थोडा मागे राहतो. जेवढा मागे राहतो तेवढी शक्ती कोठे जाते? तेल घुसळण्यात. घुसळलेले तेल तापते.

अर्ल थॉम्सनच्या मार्गदर्शनाखाली जनरल मोटर्सने फ्लुइड कपलिंगला आपोआप बदलणाऱ्या चार गिअरांची जोड दिली आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत 'हायड्रामॅटिक' म्हणून ती आणली. क्लचचे पायडल गेले. दुसऱ्या महायुद्धात हीच यंत्रणा एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात बसली. त्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक. युद्ध संपल्यावर जाहिरातींनी ही रणांगणावरची परीक्षा चांगलीच वाजवली. १९४८ साली ब्यूकची 'डायनाफ्लो' आली. तिच्यात खरा टॉर्क कन्व्हर्टर होता आणि ती लोण्यासारखी चाले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथला हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना ठिणगी पडून जळून खाक झाला. कॅडिलॅकच्या गिऱ्हाइकांना काही महिने ब्यूकची डायनाफ्लो घ्यावी लागली. तोवर अमेरिकन माणूस क्लच दाबायला पुरता कंटाळला होता, एवढा याचा अर्थ. त्याच वर्षी फोर्डच्या एफ-१०० पिकअपला आणि १९५४ साली शेव्हरोलेच्या पिकअपला ऑटोमॅटिक गिअर मिळू लागला. शेतातली गाडी आता हौसेची गाडी होण्याच्या वाटेला लागली.

१९५४ सालीच एक चित्रपट आला, 'द लाँग, लाँग ट्रेलर'. ल्युसिल बॉल आणि डेसी आर्नाझ त्यात नवविवाहित जोडपे झाले होते. कथा विनोदी आहे, पण माझ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. बायकोला प्रवासात आवडलेले दगड आठवण म्हणून जमवण्याचा नाद. नवरा सांगतो, पुढे उभा घाट आहे, दगड टाकून दे. तिच्याने ते टाकवत नाहीत. ती ते ट्रेलरमध्ये ठिकठिकाणी लपवते. मग घाटात जे व्हायचे ते होते. ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येक घरात हे दगड असतात. कोणाचे लोखंडी तवे, कोणाच्या सायकली, आणि सर्वांत जड म्हणजे घरूनच भरून घेतलेली पाण्याची टाकी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. हे साधे गणित माझ्या भाच्याने, जो स्वतः इंजिनिअर आहे, केलेले नव्हते.

१९५६ साली अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला आणि ४१,००० मैलांचे रुंद, सरळ रस्ते बांधायला घेतले. डोंगरातले वेडेवाकडे चढ सरळ आणि सौम्य झाले, वेग वाढला. पण ट्रेलरला हा वेगच बाधतो. नाव किंवा लाकूडफाटा ओढणे निराळे आणि ट्रॅव्हल ट्रेलर ओढणे निराळे. हे घर म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली भिंत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. जुन्या रस्त्यावर माणूस चढापुरता झगडे. नव्या रस्त्यावर सपाटीवरही गाडी दिवसभर झगडत राहिली, आणि आत ऑटोमॅटिक गिअर असल्याने त्या झगड्याचा पत्ता पायाला लागेनासा झाला.

तेलावर काय भार पडतो याचा हिशेब आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मांडून दिला. पिकअप अडीच टनांची, ट्रेलर साडेतीन टनांचा, मिळून सहा टन. डेव्हिस धरणाचा चढ ताशी चाळीस मैलांनी चढला तर सतरा मिनिटे लागतात. नुसते वजन वर उचलायला सुमारे पन्नास किलोवॅट. वारा आणि चाकांचा विरोध धरून ऐंशीच्या घरात. कन्व्हर्टरमध्ये त्याचा दहावा हिस्सा जरी वाया गेला, तरी आठ किलोवॅट उष्णता तेलात जाते. म्हणजे आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे चार गिझर, बादलीभर तेलात बुडवून, सतरा मिनिटे सलग चालू ठेवायचे. पाणी असते तर उकळले असते आणि माणूस सावध झाला असता. तेल उकळत नाही. ते मुकाट्याने सडते.

या तेलालाही इतिहास आहे, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटला. जनरल मोटर्सने १९४९ साली 'टाइप ए' या नावाने त्याचे पहिले प्रमाण ठरवले. गिअरबॉक्समधले तेल एकाच वेळी चार कामे करते. शक्ती पुढे नेते, दाबाने क्लचच्या चकत्या आवळते, दात-बेअरिंगांना वंगण देते आणि उष्णता बाहेर वाहून नेते. चकत्या धक्का न बसता, पण न घसरता आवळल्या जाव्यात, यासाठी त्यात काय मिसळत असत? स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल. एकोणिसाव्या शतकात ज्या तेलावर दिवे जळत आणि ज्यासाठी जहाजे तीन-तीन वर्षे समुद्रावर असत, तेच तेल विसाव्या शतकात मोटारींच्या पोटात गेले. ते उष्णतेला दाद देत नसे. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाची नोंद नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांत केली. १९७२ आणि १९७३ च्या कायद्यांनी दार पक्के बंद झाले. बंदी योग्यच होती. रसायनशास्त्रज्ञांना मात्र घाईने पर्याय शोधावे लागले आणि ते जुळवताना चुकाही झाल्या. एका नव्या तेलाने कूलरचे पितळी भागच खायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा नुस्खा बदलावा लागला.

तेवढ्यात १९७३ चे तेलसंकट आले. १९७४ साली अमेरिकेत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली गेली, १९७५ साली इंधनबचतीचा कायदा झाला. कारखान्यांनी वाचवण्याच्या जागा शोधल्या. एक म्हणजे कन्व्हर्टरमधली घसरण. सपाट रस्त्याला लागल्यावर दोन्ही वाट्या क्लचने एकमेकींना जखडून टाकायच्या, मग घुसळण नाही आणि उष्णताही नाही. पॅकार्डने ही युक्ती १९४९ सालीच केली होती. क्रायस्लरने १९७८ च्या मोटारींपासून ती पुन्हा आणली. दुसरी जागा म्हणजे चौथा गिअर, ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिन सावकाश फिरते आणि पेट्रोल वाचते. १९८० नंतरच्या काही वर्षांत पिकअपांना तो मिळू लागला.

रिकाम्या गाडीला हे वरदान होते. मागे ट्रेलर बांधलेल्या गाडीला तो जाच झाला. थोडा चढ आला की चौथ्यात दम पुरत नाही. कन्व्हर्टर सुटतो, गिअर तिसऱ्यात येतो. चढ संपला की पुन्हा चौथा. पुन्हा चढ, पुन्हा तिसरा. एखाद्या माणसाला पाच मिनिटे बसवून पाच मिनिटे उठवत दिवसभर काम करायला लावावे, तशी ती चालत राही. प्रत्येक बदलात चकत्या थोड्या घसरत, तेल थोडे तापे. त्या दशकात ट्रेलरवाल्यांचे कितीतरी गिअरबॉक्स याच रीतीने जळले. गाडीसोबतच्या पुस्तकांत सूचना असे, की ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, तिसऱ्यातच चालवा. ती सूचना किती जणांनी वाचली असेल? मुख्याध्यापक म्हणून सूचनाफलकाचा अनुभव मला आहे.

मौज अशी की, ही सूचना म्हणजे आमच्या घाटातल्या ड्रायव्हरांचाच नियम होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. चढताना खालचा गिअर इंजिनाला दम देतो आणि उतरताना तोच इंजिनाला ब्रेक बनवतो. हे शहाणपण आधी माणसाच्या हातात होते, मग ते यंत्रात गेले. यंत्राला ते नीट कळेना, तेव्हा ते पुस्तकाच्या एका ओळीत गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिकअपांत 'टो-हॉल' नावाचे बटण आले. ते दाबले की गिअर उशिरा बदलतो, कन्व्हर्टर लवकर जखडला जातो आणि उतारावर गाडी आपण होऊन खालच्या गिअरमध्ये येते. ड्रायव्हरचा अनुभव अशा रीतीने इलेक्ट्रॉनिक्सच्या डबीत बसला, पण ते बटण दाबायला माणूस लागतोच. भाच्याच्या गाडीत ते होते. सपाटीवरून निघताना त्याची गरज वाटली नाही म्हणून त्याने ते दाबले नव्हते, आणि चढ सुरू झाल्यावर ते लक्षात राहिले नाही.

उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था फार जुनी आहे. गिअरबॉक्सचे तेल नळीने पुढे नेऊन रेडिएटरच्या टाकीतल्या एका नळकांड्यातून फिरवतात. थंडीच्या दिवसांत ही सोय दुहेरी, कारण रेडिएटरचे पाणी गार तेलाला लवकर ऊबही देते. पण चढावर रेडिएटरचेच पाणी नव्वद-शंभर अंशांवर असते, तेव्हा तेल त्याखाली येणार कसे? म्हणून ट्रेलर ओढणारे लोक रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल असा दुसरा कूलर बसवतात. दिसायला छोट्या जाळीसारखा, किंमत गिअरबॉक्सच्या मानाने नगण्य. या साऱ्या इतिहासात एवढ्या स्वस्त वस्तूने एवढे महाग यंत्र वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला सापडले नाही.

अमेरिकेतल्या गिअरबॉक्स दुरुस्तीच्या दुकानांतून तापमानाचा एक तक्ता वर्षानुवर्षे प्रचलित आहे. ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास तेल दीर्घकाळ टिकते. पुढे दर अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. एकशे पंधराच्या सुमारास त्याची लाखेसारखी पुटे धरू लागतात, एकशे पंचवीसच्या पुढे रबरी सील कडक होतात, एकशे पंचेचाळीसच्या पुढे चकत्या घसरतात. चकत्या घसरल्या की उष्णता आणखी वाढते. मग परतीचा रस्ता नाही. हल्लीची कृत्रिम तेले यापेक्षा अधिक ताप सोसतात, पण क्रम तोच राहतो.

आणि आता पुन्हा डेव्हिस धरणाचा चढ. कोणती गाडी किती वजन ओढेल याचा आकडा २००८ पर्यंत ज्याचा तो कारखाना आपल्या हिशेबाने सांगत असे. एकाने आकडा वाढवला की दुसरा त्याहून वाढवी. त्यात स्पर्धा किती आणि परीक्षा किती, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. २००८ साली अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने 'जे २८०७' या नावाने एक समान प्रमाण प्रसिद्ध केले. त्यातली एक परीक्षा याच चढाची. पायथ्याशी तापमान निदान ३८ अंश, गाडीतला एसी पूर्ण चालू, मागे सांगितलेले पुरे वजन, आणि पूर्ण चढात वेग ताशी चाळीस मैलांच्या खाली जाता कामा नये. २०११ च्या टुंड्रा पिकअपला हे प्रमाण सर्वांत आधी टोयोटाने लावले, आणि तिचा छापील आकडा खाली आला. स्वतःचा आकडा कमी करून छापणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. इतर मोठे कारखाने त्यानंतर काही वर्षांनी आले.

तरीही त्या आकड्यात एक गोम आहे. तो काढताना गाडीत दोनच माणसे धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. भाच्याच्या गाडीत पाच माणसे होती, हौद्यात तीन सायकली, जनरेटर आणि बर्फाची पेटी. तो मला म्हणाला, "मामा, कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं एवढं ओढेल म्हणून." लिहिले होते ते खरेच होते, फक्त त्याच्या कुटुंबाबद्दल लिहिलेले नव्हते.

त्याने नंतर केले ते एवढेच: पुढे जास्तीचा कूलर, डोळ्यांसमोर तेलाच्या तापमानाचा काटा, टाकी मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर भरणे आणि ऑगस्टात पहाटे चारला निघणे. काट्याचे त्याला फार अप्रूप वाटते. एकशे दहाच्या वर गेला की तो वेग उतरवतो, खालचा गिअर धरतो आणि मागचे लोक कितीही हॉर्न वाजवोत, तसाच जातो. तळव्यातून जे कळत नव्हते ते आता डोळ्याला कळते, असे तो म्हणाला.

मात्र बाजाराची चाल निराळ्या दिशेने आहे. पूर्वी गिअरबॉक्सला तेलात बुडवून पाहायची पट्टी असे. बॉनेट उघडा, पट्टी काढा, रंग पाहा, वास घ्या. निरक्षर माणसालाही ते जमे. अनेक नव्या गाड्यांत ही पट्टी काढून टाकली आहे. तेल आत बंद, आयुष्यभर पुरेल असे सांगतात. कोणाच्या आयुष्यभर, हे सांगत नाहीत. जड ओझे ओढणाऱ्यांसाठी तेच पुस्तक पुढच्या पानांवर तेल बदलण्याचा वेगळा, फार लवकरचा हिशेब देते. पण 'आयुष्यभर' हा शब्द वाचल्यावर पुढची पाने कोण उलटतो?

२०२२ सालापासून विजेवरच्या मोठ्या पिकअपही रस्त्यावर आल्या. त्यांत आपोआप बदलणारी गिअरांची रांग नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, चकत्या नाहीत. ट्रेलर बांधून घेतलेल्या चाचण्यांत मात्र त्यांचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर आला. बॅटरी तापू नये म्हणून त्यांच्याही पोटातून द्रव फिरवावा लागतो, आणि तो निववायला पुढे रेडिएटरची जाळी असतेच.